देवयानी दीर्घिकेचं चित्र हबलने कसं जोडलं, आणि तोच डेटा घरी कसा जोडायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोट्यवधी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिका हबल दुर्बीण एका चौकटीत पकडते, मग फक्त २५ लाख प्रकाशवर्षांवर असलेल्या देवयानीला शेकडो चौकटी आणि दहाहून जास्त वर्षं का लागली? आणि हा डेटा सगळ्यांना खुला असेल, तर घरच्या संगणकावर त्यातून चित्र करता येईल का? केलं तर तुकड्यांच्या कडा दिसतात, त्यांचं काय करायचं?

जवळ असणं हीच अडचण आहे. देवयानी दीर्घिका, म्हणजे एम३१, आकाशात सुमारे ३ अंश लांब आणि १ अंश रुंद पसरली आहे. (१ अंश म्हणजे ६० कला, १ कला म्हणजे ६० विकला.) पौर्णिमेची सहा चंद्रबिंबं ओळीने मांडली तर तिची लांबी भरते. भाद्रपदांच्या चौकोनाच्या ईशान्येला अंधाऱ्या रात्री जो धुरकट ठिपका दिसतो, तो नुसता तिचा गाभा. हबलवरच्या एसीएस कॅमेऱ्याची चौकट मात्र २०२ विकलांची, म्हणजे जेमतेम ३.४ कला. एक चौकट दुसरीवर अजिबात न चढवता एकच चंद्रबिंब झाकायचं म्हटलं, तरी ६५-७० चौकटी लागतात.

जमिनीवरून रुंद लेन्सने सगळी देवयानी एका चौकटीत बसते, हौशी छायाचित्रकार ते नेहमी करतात. पण त्यात तारे सुटे दिसत नाहीत. एम३१ च्या अंतरावर १ विकला म्हणजे सुमारे १२.४ प्रकाशवर्षं. जमिनीवरच्या चांगल्या जागेवरून वातावरणामुळे ताऱ्याचा ठिपका साधारण १ विकलेचा होतो. हबलच्या पहिल्या मोठ्या सर्वेक्षणात सुमारे अर्ध्या चौरस अंशात ११ कोटी ७० लाख तारे मोजले गेले. भागाकार केला तर प्रत्येक चौरस विकलेत सरासरी १८ तारे येतात. म्हणजे जमिनीवरून जो एक ठिपका दिसतो, त्यात दीड डझन तारे कोंबलेले असतात. हबलचा एसीएस पिक्सेल ०.०५ विकलेचा, तिथल्या अंतरात सुमारे ०.६ प्रकाशवर्ष. तरीसुद्धा सरासरी २२ पिक्सेलमागे एक तारा पडतो, आणि एका ताऱ्याचा ठिपका दोन पिक्सेल रुंद असतो. ही दाटी लक्षात ठेवा. पुढच्या बहुतेक भानगडी तिच्यातूनच येतात.

(१९४३-४४ मध्ये खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडे यांनी माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीने देवयानीच्या गाभ्याजवळचे तारे पहिल्यांदा सुटे केले. युद्धामुळे लॉस एंजेलिसमध्ये ब्लॅकआउट होता आणि त्यांच्याकडे लाल रंगाला संवेदनशील काचपट्ट्या होत्या. त्यांना दिसले ते फक्त सगळ्यांत तेजस्वी तांबडे राक्षसी तारे. दाटी तेव्हाही हीच होती.)

आता हबलने हे काम कसं उरकलं ते पाहू. पहिला भाग म्हणजे जुलै २०१० ते ऑक्टोबर २०१३ मधलं 'फॅट' सर्वेक्षण, ज्युलियान डॅलकँटन यांच्या नेतृत्वाखालचं. त्यासाठी हबलच्या ८२८ प्रदक्षिणा दिल्या गेल्या. दीर्घिकेच्या ईशान्येकडच्या तबकडीचे २३ तुकडे पाडले आणि त्यांना 'ब्रिक', म्हणजे विटा, असं नाव दिलं. प्रत्येक विटेत ६ गुणिले ३, म्हणजे १८ चौकटी. २३ गुणिले १८ म्हणजे ४१४ चौकटी, प्रत्येकीला दोन प्रदक्षिणा, झाल्या ८२८. फिल्टर सहा: अतिनीलसाठी एफ२७५डब्ल्यू आणि एफ३३६डब्ल्यू, दृश्य प्रकाशासाठी एफ४७५डब्ल्यू आणि एफ८१४डब्ल्यू, अवरक्तासाठी एफ११०डब्ल्यू आणि एफ१६०डब्ल्यू. मधले दोन एसीएसवर, बाकीचे चार डब्ल्यूएफसी३ कॅमेऱ्यावर.

या आखणीतली खरी हुशारी जागेच्या गणितात आहे. हबलच्या नाभीप्रतलात, म्हणजे जिथे आरशाने आकाशाची प्रतिमा उमटते तिथे, एसीएस आणि डब्ल्यूएफसी३ एकमेकांपासून सुमारे ६ कला अंतरावर आहेत आणि दोन्ही कॅमेरे एकाच वेळी चालू ठेवता येतात. म्हणून डब्ल्यूएफसी३ अर्ध्या विटेवर ३ गुणिले ३ चौकटी घेत असताना एसीएस आपोआप शेजारच्या अर्ध्या विटेवर काम करत राहतो. दुर्बिणीचे सौर पंखे सूर्याकडे ठेवावे लागतात, त्यामुळे सहा महिन्यांनी तीच जागा बघताना दुर्बीण १८० अंशांनी फिरलेली असते. मग दोन कॅमेऱ्यांच्या जागांची अदलाबदल होते आणि उरलेली अर्धी विटही सहाही फिल्टरांत पूर्ण होते. एक बाजू उन्हाळ्यात, दुसरी हिवाळ्यात. ८२८ प्रदक्षिणांत हे बसलं ते यामुळेच. कॅमेरे एकामागून एक वापरले असते तर खर्च कितीतरी वाढला असता.

चौकटींचं अंतर ठरवलं ते सगळ्यांत लहान चौकटीवरून. डब्ल्यूएफसी३ च्या अवरक्त भागाची चौकट १३६ गुणिले १२३ विकलांची, अतिनील भागाची १६२ गुणिले १६२. अवरक्ताला फट पडू नये एवढं अंतर ठेवलं की २०२ विकलांचा एसीएस आपोआप शेजाऱ्यावर चांगलाच चढतो. हे चढणं वाया जात नाही. एसीएसमध्ये २०४८ गुणिले ४०९६ पिक्सेलच्या दोन सीसीडी, म्हणजे प्रकाश नोंदणाऱ्या सिलिकॉनच्या, पट्ट्या शेजारी बसवल्या आहेत आणि त्यांच्यामध्ये सुमारे ५० पिक्सेलची फट आहे. ती फट शेजारच्या चौकटीच्या डेटाने भरते.

२०१५ च्या जानेवारीत जे चित्र प्रसिद्ध झालं, ते ६९,५३६ गुणिले २२,२३० पिक्सेलचं, दीड अब्ज पिक्सेलचं. ७,३९८ एक्स्पोजर त्यात गेले. दक्षिणेकडची बाजू नंतर 'फास्ट' नावाच्या दुसऱ्या सर्वेक्षणाने घेतली आणि जानेवारी २०२५ मध्ये दोन्ही मिळून किमान अडीच अब्ज पिक्सेलचं चित्र आलं: एकमेकांवर चढणाऱ्या सुमारे ६०० चौकटी, एक हजाराहून जास्त प्रदक्षिणा, २० कोटी तारे. हे सगळे तारे सूर्यापेक्षा तेजस्वी आहेत. ताऱ्याचं तेज प्रतीत मोजतात, आकडा जितका मोठा तितका तारा मंद. सूर्य तिथे नेऊन ठेवला तर तो २९.३ प्रतीचा दिसेल, आणि 'फॅट'ची पोहोच बाहेरच्या विरळ तबकडीतसुद्धा एफ४७५डब्ल्यूमध्ये २७.९ आणि एफ८१४डब्ल्यूमध्ये २७.१ प्रतीपर्यंतच आहे. अतिनीलमध्ये ती २५ च्या आसपास थांबते.

एका प्रदक्षिणेत हाताशी किती वेळ येतो, हेही समजून घ्या, कारण डेटा असा का दिसतो याचं उत्तर त्यात आहे. हबल ९५-९६ मिनिटांत पृथ्वीभोवती फिरते. त्यातला बराच वेळ पृथ्वी आड येते आणि देवयानी साधारण ५०-५५ मिनिटं दिसते. त्यातली सहाएक मिनिटं मार्गदर्शक तारे पकडण्यात जातात. प्रत्येक एक्स्पोजरनंतर सीसीडी वाचायला दीडेक मिनिट लागतं. शिवाय कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण भरली की ती खाली करायला आणखी साडेपाच-सहा मिनिटं हवीत. ती दुसऱ्या लांब एक्स्पोजरच्या पोटात करता येतात, पण छोटे एक्स्पोजर लागोपाठ घेतले तर दुर्बीण नुसती वाट बघत बसते. म्हणून 'छोटे छोटे भरपूर फोटो घेऊन रचू' हा हौशी छायाचित्रणातला नियम इथे उलटा पडतो. एका फिल्टरमध्ये मोजकेच एक्स्पोजर असतात. त्यात काही सेकंदांचा एक छोटा एक्स्पोजर मुद्दाम ठेवलेला असतो, कारण लांब एक्स्पोजरमध्ये तेजस्वी तारे भरून वाहतात आणि त्यांची मोजणी त्या छोट्यावरून करावी लागते. दक्षिण अटलांटिकवरच्या किरणोत्सारी पट्ट्यातून जाताना काहीच घेता येत नाही. जून २०२४ पासून हबल एकाच जायरोवर, म्हणजे दुर्बीण किती वळली ते मोजणाऱ्या एकाच उपकरणावर, चालते. तिला लक्ष्याकडे वळायला जास्त वेळ लागतो, त्यामुळे आठवड्यातली निरीक्षणं कमी झाली आहेत.

आता घरच्या कामाकडे. डेटा 'मास्ट' या संग्रहात मोफत मिळतो. 'फॅट'च्या प्रत्येक विटेला स्वतंत्र प्रस्ताव क्रमांक आहे. पंधराव्या विटेचा १२०५६, पहिल्या विटेचा, जिच्यात गाभ्याचा फुगवटा येतो, १२०५८. सुरुवात पंधरावीपासून करा. ती ताऱ्यांची निर्मिती चालू असलेल्या कड्यावर पडते, त्यामुळे निळे पुंज, धुळीचे पट्टे आणि तांबडे तारे एकाच तुकड्यात मिळतात. पहिल्या विटेला सुरुवातीलाच हात घालू नका. तिथे दाटी इतकी की मोजता येण्याची मर्यादा बाहेरच्या तबकडीपेक्षा दोन प्रतींहून जास्त वर येते आणि आपली चूक कुठली, डेटाची मर्यादा कुठली, हेच कळत नाही.

टीमने स्वतः जोडलेल्या विटाही संग्रहात आहेत. नुसतं रंगीत चित्र हवं असेल तर त्या घ्या आणि पुढचे पाच-सहा परिच्छेद सोडून द्या. जोडणी शिकायची असेल तर एसीएसच्या एफ४७५डब्ल्यू आणि एफ८१४डब्ल्यूच्या 'एफएलसी' फाइल्स घ्या. एकेक फाइल सुमारे १६८ एमबीची. 'एफएलटी' नावाच्या फाइल्स घेऊ नका. दोन्हींत फरक एकाच अक्षराचा आहे, पण तो महत्त्वाचा.

'सी' म्हणजे सीटीईची, म्हणजे सीसीडीत इलेक्ट्रॉन सरकवताना होणाऱ्या गळतीची, दुरुस्ती केलेली. सीसीडीत साठलेले इलेक्ट्रॉन ओळीओळीने सरकवत कडेच्या ॲम्प्लिफायरपर्यंत नेतात आणि तिथे मोजतात. अवकाशातल्या किरणांच्या माऱ्याने सिलिकॉनमध्ये खड्डे पडलेले असतात. सरकताना काही इलेक्ट्रॉन त्या खड्ड्यांत अडकतात आणि थोड्या वेळाने, मागून येणाऱ्या ओळींत सुटतात. परिणाम असा, की ताऱ्याला शेपूट फुटतं आणि त्याचं तेज कमी मोजलं जातं. ॲम्प्लिफायर वरच्या आणि खालच्या कडेला आहेत, त्यामुळे सगळ्यांत लांबचा प्रवास, दोन हजार ओळींचा, दोन पट्ट्यांमधल्या फटीजवळच्या ताऱ्यांना करावा लागतो. म्हणून शेपटं मधल्या फटीकडे वळलेली दिसतात आणि फटीजवळ सगळ्यांत लांब असतात. एक एफएलटी फाइल उघडून चौकटीच्या मधोमध मोठी करून बघा, लगेच दिसेल. एसीएस २००२ पासून वर आहे, त्यामुळे 'फॅट'च्या वेळेपर्यंत ही झीज चांगलीच झाली होती. दुरुस्ती गणिताने होते, पण ती गोंगाटही थोडा वाढवते. अतिनील फिल्टरांत पार्श्वभूमी जवळपास काळी असते, खड्डे भरायला फुकटचे इलेक्ट्रॉन नसतात, त्यामुळे मंद तारे पुरते गिळले जातात. एकदा गेलेला तारा दुरुस्तीने परत येत नाही. म्हणूनच नंतरच्या काळात अतिनील एक्स्पोजरमध्ये मुद्दाम मंद प्रकाश पाडून सगळे पिक्सेल थोडे भरून घेण्याची पद्धत आली. घरी करताना अतिनील फिल्टर सोडून दिलेले बरे.

पुढची पायरी जुळवणीची, आणि बहुतेक घरगुती चित्रं इथेच बिघडतात. फाइलमधले आकाशाचे निर्देशांक मार्गदर्शक ताऱ्यांवरून आलेले असतात. त्यांत दशांश विकलांची चूक असू शकते, जुन्या नोंदींत त्याहून जास्त. मूळ टीमने जमिनीवरच्या कॅनडा-फ्रान्स-हवाई दुर्बिणीच्या तारका-यादीला सगळं जुळवलं होतं. आता संग्रहातल्या बऱ्याच फाइल्स 'गाया' या अवकाश दुर्बिणीच्या तारका-यादीला आधीच जुळवलेल्या मिळतात. फाइलच्या शीर्षभागात 'डब्ल्यूसीएसनेम' ही नोंद बघा. त्यात 'फिट' आणि 'गाया' असे शब्द असतील तर ताऱ्यांवरून जुळवणी झाली आहे. नुसतं 'जीएससी२४०' असेल तर फक्त मार्गदर्शक ताऱ्यांची जागा सुधारली आहे आणि तुमचं काम बाकी आहे. सगळ्या चौकटींत एकच पद्धत असेल तर उत्तम. अर्ध्या एका पद्धतीच्या, अर्ध्या दुसऱ्या, असं दिसलं तर सगळ्या पुन्हा जुळवा.

त्यासाठी 'ड्रिझलपॅक' हे पायथनमधलं मोफत साधन वापरतात. त्यातलं 'ट्वीकरेग' तारे शोधून जोड्या लावतं. शोधाची त्रिज्या मुळात १ विकला ठेवलेली असते. देवयानीत १ विकलेच्या वर्तुळात सरासरी ५६ तारे येतात. साधन बिनदिक्कत चुकीच्या जोड्या लावतं आणि वर 'जुळलं' असं सांगतं. त्रिज्या ०.३ विकला किंवा त्याहून कमी करा आणि तेजाची खालची मर्यादा वाढवून चौकटीमागे काही शे ते एखाद हजार तेजस्वी तारेच जोडीला ठेवा. वरची मर्यादाही घाला, म्हणजे भरून वाहिलेले तारे येणार नाहीत. अवशेष चूक, म्हणजे जुळवणीनंतरही जोड्यांत उरलेला फरक, ०.१ पिक्सेलच्या आत यायला हवी. आकडा बघूनही समाधान मानू नका, अवशेषांचा आलेख बघा. शून्याभोवती गोल पुंजका हवा. पट्टा किंवा नुसता विखुरलेला ढग दिसला तर जोड्या खोट्या आहेत, आकडा काहीही असो.

जुळवणी चुकली की पुढे काय होतं ते बघा. वैश्विक किरण दर हजार सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये साधारण दीड ते तीन टक्के पिक्सेल बिघडवतात. ड्रिझलपॅकमधलं, चौकटी जोडणारं 'ॲस्ट्रोड्रिझल' सगळ्या एक्स्पोजरची तुलना करून जे एकातच दिसतं ते काढून टाकतं. पण जुळवणी अर्ध्या पिक्सेलने हुकली, तर ताऱ्याचा टोकदार मध्यही 'एकातच दिसतो', आणि साधन त्यालाच किरण समजून कापतं. चित्र मोठं केल्यावर तारे मधोमध पोकळ, मेदूवड्यासारखे दिसू लागले तर कारण हेच. किरणांची मर्यादा सैल करून हा दोष झाकता येतो, पण मग खरे किरण राहून जातात. आधी जुळवणी दुरुस्त करा, मर्यादा नंतर. किरण ओळखण्याच्या मर्यादांसाठी ३.५ आणि ३.० ही जोडी, उतारासाठी (ताऱ्याच्या कडेला तेज झपाट्याने बदलतं, तिथे किती सूट द्यायची तो आकडा) १.५ आणि ०.७, इथून सुरुवात करावी. दाट भागात उतार आणखी थोडा वाढवावा लागतो, कारण एका प्रदक्षिणेतही दुर्बिणीच्या फोकसमध्ये तापमानाने किंचित फरक पडतो आणि दोन एक्स्पोजरमधले तारे हुबेहूब सारखे नसतात.

आता तुम्ही विचारलेल्या कडा. हे दोष बहुधा पार्श्वभूमीचे असतात, कॅमेऱ्याचे नव्हेत. ॲस्ट्रोड्रिझल प्रत्येक चौकटीतलं 'रिकामं आकाश' मोजून वजा करतं. एकट्या दुकट्या लहान दीर्घिकेसाठी हे ठीक, कारण तिच्याभोवती खरोखर रिकामं आकाश असतं. देवयानीच्या आतल्या चौकटीत रिकामी जागाच नाही. साधन जे वजा करतं ते दीर्घिकेचंच तेज असतं: फुगवट्याजवळच्या चौकटीतून जास्त, बाहेरच्या चौकटीतून कमी. मग सगळ्या चौकटी सारख्याच काळ्या होतात, उतरतं तेज नाहीसं होतं आणि ठिगळं लावलेली गोधडी तयार होते. उपाय: आकाश वजा करण्याच्या पद्धतीत 'मॅच' निवडा. ती चढलेल्या भागांतला फरक मोजून चौकटी एकमेकींशी जुळवते, निरपेक्ष शून्य ठरवत नाही. सगळ्या चौकटी एकाच वेळी द्या. दोन-दोन करून जोडत गेलात तर चूक साखळीने वाढत जाते. फोटोशॉपमध्ये कडा पुसून घ्यायचा मोह होतो. त्याने कड जाते, पण तिथल्या धुळीच्या पट्ट्याचं तेज खोटं होतं. अशा चित्रावरून पुढे काही मोजू नये.

अवरक्तात आणखी दोन गोष्टी छळतात. एफ११०डब्ल्यूमध्ये पृथ्वीच्या वातावरणातल्या हेलियमची १०८३ नॅनोमीटरची चमक येते आणि ती एकाच एक्स्पोजरमध्ये कमी-जास्त होत राहते. दुसरं म्हणजे तेजस्वी तारा ज्या पिक्सेलवर पडला, तिथे पुढच्या एक्स्पोजरमध्येही त्याचं भूत उरतं. फिकट, ठिपक्यासारखं, भलत्याच जागी. एसीएसच्या दोन फिल्टरांवर थांबलात तर या दोन्हींशी तुमचा संबंध येत नाही.

पिक्सेलचा आकार किती ठेवायचा, यावर फार वाद घालू नका. एसीएसचे पिक्सेल ताऱ्याच्या ठिपक्याच्या मानाने ढोबळ आहेत, त्यामुळे अर्ध्या-अर्ध्या पिक्सेलने सरकवलेले एक्स्पोजर असतील तर नव्या चित्राची जाळी ०.०४ किंवा ०.०३५ विकलेची आणि ०.८ चा थेंब (जाळीवर टाकण्याआधी मूळ पिक्सेल किती पट लहान करायचा तो आकडा) घेऊन तपशील थोडा वाढतो. पण तीन-चारच एक्स्पोजर असताना थेंब लहान केला की काही पिक्सेलवर डेटाच पडत नाही. वजनाचा नकाशा, म्हणजे कुठल्या पिक्सेलवर किती डेटा पडला ते दाखवणारी फाइल, उघडा. त्यातला विचलनाचा आकडा सरासरीच्या ०.२ पटीपेक्षा जास्त असेल तर मुकाट्याने मूळ ०.०५ ची जाळी आणि १.० चा थेंब घ्या. संगणकाचाही विचार करा: २०१५ च्या पूर्ण चित्राएवढी जाळी एका फिल्टरसाठी, ३२ बिटांत, ६.२ जीबी होते. एक वीट साध्या लॅपटॉपवर होते, सगळ्या विटा नाही.

रंगांबद्दल लोक नेहमी विचारतात की हे खरे आहेत का. दोन्ही कॅमेरे काळं-पांढरंच बघतात. २०१५ च्या चित्रात एफ४७५डब्ल्यू निळ्यासाठी आणि एफ८१४डब्ल्यू लाल रंगासाठी वापरला आहे. हिरवा मिळवायला दोघांची सरासरी घ्यायची. एफ८१४डब्ल्यूचा बराचसा प्रकाश डोळ्याला दिसतच नाही, त्यामुळे थंड ताऱ्यांची लाली खऱ्यापेक्षा उठून येते. दुसरी गंमत: देवयानीत ताऱ्यांना जन्म देणारे तेजोमेघ पुष्कळ आहेत, पण या चित्रात गुलाबी काहीच दिसत नाही. हायड्रोजनची ६५६ नॅनोमीटरची तांबडी रेषा दोन्ही फिल्टरांच्या मधल्या फटीत पडते. एफ४७५डब्ल्यूमध्ये येतात त्या ४८६ आणि ५०१ नॅनोमीटरच्या रेषा, म्हणून तेजोमेघ निळसर धुक्यासारखे दिसतात. त्यांना हाताने गुलाबी रंगवू नका. जे मोजलंच नाही ते चित्रात घालण्यासारखं होईल.

तेजाचं ताणणं 'एसिन्ह' वक्राने करा, 'फिट्स लिबरेटर' किंवा 'सिरिल'मध्ये ते होतं. साधा लॉगरिदम पार्श्वभूमीचा गोंगाट वर आणतो. एसिन्हमध्ये मंद भाग सरळ रेषेत राहतो आणि फक्त तेजस्वी भाग दाबला जातो, त्यामुळे ताऱ्यांचा रंग जळत नाही. काळ्या आणि पांढऱ्या टोकाचे आकडे सगळ्या विटांना तेच ठेवा. प्रत्येक विटेला 'ऑटो' लावलंत तर पार्श्वभूमी जुळवण्यात घालवलेला वेळ फुकट गेला.

चार टोकांच्या किरणांसह चमकणारे जे मोठे तारे दिसतात, ते देवयानीचे नाहीत, आपल्याच आकाशगंगेतले आहेत, मध्ये आलेले. १८० अंश फिरवलेल्या चौकटी एकमेकांवर ठेवल्या तरी ही टोकं जवळजवळ जुळतात, कारण चार टोकांची आकृती १८० अंश फिरवली तरी तशीच राहते. काही अंशांचा फरक असेल तर आठ टोकं दिसतात. तो दोष नाही, कापू नका.

चित्र आणि मोजणी यांत मात्र गल्लत करू नका. ११ कोटी ७० लाखांचा आकडा जोडलेल्या चित्रावर ठिपके मोजून आलेला नाही. 'डॉल्फॉट' नावाचं साधन सहाही फिल्टरांचे मूळ, न जोडलेले एक्स्पोजर एकत्र घेतं आणि प्रत्येक ताऱ्यावर त्या त्या जागेचा ठिपक्याचा नमुना बसवून तेज काढतं, शेजाऱ्यांचं तेज वजा करत करत. मग त्याच प्रतिमांमध्ये माहीत असलेल्या तेजाचे कृत्रिम तारे पेरतात आणि किती परत सापडले, किती तेजाने सापडले, ते बघतात. बाहेरच्या तबकडीत २६ व्या प्रतीचे पेरलेले तारे बहुतेक सापडतात. फुगवट्यात ते शेजाऱ्यांच्या उजेडात बुडतात, किंवा दोन मिळून एक होऊन जास्त तेजस्वी म्हणून परत येतात. हा दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. तिथे एखादा तारा अवास्तव तेजस्वी सापडला तर आधी दोन ताऱ्यांचा संशय घ्यावा.

हे सगळं जड वाटत असेल तर त्रिकोण तारकासमूहातली एम३३ घ्या. ती आकाशात लहान आहे, फुगवटा जवळजवळ नाही, आणि हबलचं तिचं सर्वेक्षण ५४ चौकटींत, ६६ कोटी ५० लाख पिक्सेलमध्ये आटोपलं आहे. किंवा उलट बाजूने या: भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या यूव्हीआयटी दुर्बिणीने देवयानी अतिनीलमध्ये घेतली आहे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचा तिच्या उभारणीत वाटा होता. तिची चौकट २८ कलांची, तपशील सुमारे १.५ विकलेचा, म्हणजे तारे सुटे होणार नाहीत, पण निळे पुंज आणि कडी मोजक्या चौकटींत येतात. तिथे सीसीडीसारखं वाचन नाही, एकेक फोटॉनची जागा आणि वेळ नोंदली जाते, सेकंदाला सुमारे २९ चौकटी. उपग्रह डुलत असतो, त्यामुळे आधी डुलणं काढून टाकावं लागतं, मगच प्रतिमा तयार होते. सीटीईची शेपटं तिथे भेटणार नाहीत. डेटा इस्रोच्या संग्रहातून नोंदणी करून मिळतो.